माझी सुई चुकत नाही

माझ्याविषयी औरंगाबादेत दोन मतं होती. डॉक्टर वैजनाथ फार हुशार आहे, हे एक, ते माझं. दुसरं मत बाकीच्यांचं, आणि ते माझ्यासमोर कुणी बोलत नसे. अपवाद फक्त भानुमतीचा. ती माझी बायको असल्यामुळे तिला बोलण्याचा परवाना होता आणि तो ती रोज वापरायची.

माझा धंदा सुईचा. कुणाला कुठे गाठ आली की सर्जन त्याला माझ्याकडे पाठवतात. मी गाठीत बारीक सुई घालतो, आतल्या थेंबभर पेशी काचेवर पसरतो, रंगवतो, सूक्ष्मदर्शकाखाली बघतो आणि गाठ साधी आहे की कॅन्सरची ते लिहून देतो. औरंगपुऱ्यात एका सायकलच्या दुकानावर माझी दोन खोल्यांची लॅब होती. खाली पंक्चर काढत, वर मी करत असे.

या धंद्यातला सगळा मान सुई नेमकी गाठीत गेली की नाही यावर असतो. शेजारच्या चांगल्या मांसात गेली तर रिपोर्टात लिहावं लागतं की गाठीतलं काही मिळालं नाही, पुन्हा टोचा. असला रिपोर्ट मी दुसऱ्यांनी टोचलेल्या सुयांवर पुष्कळ वेळा लिहिला आहे आणि लिहिताना मला बरंही वाटलं आहे. स्वतःच्या सुईवर कधी लिहिला नाही. "माझी सुई चुकत नाही," असं मी प्रत्येक पेशंटला डावी भुवई उचलून सांगत असे. भुवई उचलली जाते हे मला ठाऊक नव्हतं. भानुमती म्हणायची, "शर्टाचं बटण लावायला बसलं की मात्र तीच सुई नेमकी बोटात जाते."

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. माझा वर्गमित्र व्यंकटराव, कान-नाक-घशाचा सर्जन, त्यानं चिठ्ठी देऊन एक पोरगा पाठवला. नाव कडूबा, वय सतरा, सिल्लोडच्या पुढच्या एका खेड्यातला. डाव्या कानाच्या पाळीखाली सुपारीएवढी गाठ. तिथे लाळ तयार करणारी ग्रंथी असते. दुखत नव्हती, पण वर्षभरात हळूहळू वाढली होती. गालगुंड म्हणून गावात लेप लावून झाले होते. सोबत बाप कारभारी आणि आई भागूबाई.

पोरगा दिसायला देखणा होता. त्याहून विशेष म्हणजे नकला भारी करायचा. जिना चढून येईपर्यंत खालच्या सायकलवाल्याची नक्कल तयार होती आणि बाकावर बसल्या बसल्या त्यानं ती करूनही दाखवली. चेहऱ्याचा एकेक स्नायू जणू स्वतंत्र नोकरीला ठेवलेला.

"बघा डॉक्टरसाहेब," भागूबाई म्हणाली, "असलं हे वंगाळ ध्यान. ना रूप ना रंग. बघून टाका एकदाचं."

मला राग आला. शहरातल्या शिकलेल्या माणसाला खेड्यातल्या आईवर येतो तसा, म्हणजे काही माहिती नसताना. मी म्हणालो, "असं काय बोलता बाई? चांगला नाकीडोळी नीटस मुलगा आहे. राजबिंडा!"

भागूबाईनं ताडकन उठून पोराचं डोकं पदराखाली घेतलं आणि खिडकीकडे तोंड करून तीनदा थू थू केलं. मग माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याला शिवीच दिली होती. मी तेवढ्यावर थांबावं की नाही? मी तिला मुलांना प्रेमाची किती गरज असते यावर छोटंसं व्याख्यान दिलं. कारभारी मान खाली घालून ऐकत राहिला. पदराखालून कडूबा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, राहू द्या. माझ्या आधीची भावंडं जगली नाय ना, म्हणून ती मला नावं ठेवती. चांगलं म्हणलं की नजर लागती."

ही रीत मला माहीत होती. आधीची लेकरं गेली की पुढच्याचं नाव कडूबा, सांडू, दगडू असं काहीतरी ठेवायचं, म्हणजे काळाला ते खावंसं वाटत नाही. माझ्या टेबलावरून अर्ध्या तालुक्याचे सांडू तपासून गेले असतील. पण एकदा नाव ठेवलं की आईचं काम संपत असावं अशी माझी समजूत होती. भागूबाईचं संपलेलं नव्हतं. सतरा वर्षं ती रोज, जिथे जाईल तिथे, न थकता पोराची निंदा करत होती, आणि एका दुपारी एका उपटसुंभ डॉक्टरनं त्याला राजबिंडा म्हणून सगळ्यावर पाणी ओतलं होतं.

मी सुई घेतली. भुवई उचलून माझं वाक्य म्हटलं. गाठ दोन बोटांत धरली आणि तीन वेगवेगळ्या बाजूंनी टोचलं. पोरगा हलला नाही. तो माझ्या भुवईकडे बघत होता.

संध्याकाळी काचा बघितल्या आणि माझा चेहरा पडला. काचेवर लाळग्रंथीच्या अगदी चांगल्या, निरोगी दिसणाऱ्या पेशी होत्या. भरपूर अंगाच्या, दाणेदार, एका बाजूला छोटंसं गोल केंद्र. पुस्तकात निरोगी ग्रंथीचं चित्र असतं तसं. म्हणजे सरळ अर्थ असा की सुई गाठीत गेलीच नाही, शेजारच्या चांगल्या ग्रंथीत गेली. दुसऱ्या कुणी टोचलेलं असतं तर मी दोन मिनिटांत तसं लिहून, वर एखादा टोमणा मारून घरी गेलो असतो.

पण टोचलं होतं मी. माझी सुई चुकत नाही. मग चूक पेशींची असली पाहिजे.

हसू नका, मी खरोखर असाच विचार केला. मी परत बसलो आणि त्या पेशींत वकिलासारखा खोट काढायला लागलो. आणि बघता बघता खोट सापडली. निरोगी ग्रंथीत या पेशींचे नीट घोस असतात, त्यातून लाळ वाहून नेणाऱ्या नळ्या निघतात, मधे चरबी असते. इथे सगळ्या काचा त्याच एका जातीच्या पेशींनी खचाखच भरल्या होत्या. नळी एक नाही, चरबी नावाला नाही, घोस विस्कटलेले. एखाद्या मांडवात शिरावं, तर सगळे वऱ्हाडीच. आचारी नाही, भटजी नाही, नवरानवरीही नाहीत. प्रत्येक माणूस दिसायला सभ्य, पण ते लग्न नव्हे.

असा एक कॅन्सर असतो. लाळग्रंथीचा, दुर्मिळ, तरुण पोरांनाही होणारा. नाव ॲसिनिक सेल कार्सिनोमा. त्याच्या पेशी निरोगी पेशींची इतकी हुबेहूब नक्कल करतात की भले भले फसतात. नकलाकार पोराला नकलाकार रोग झाला होता. हळू वाढणारा असल्यामुळे पहिल्याच वेळी पूर्ण काढला तर पोरगा बरा होतो. पण त्या ग्रंथीतूनच चेहऱ्याचे स्नायू हलवणारी शीर जाते. ती सांभाळून, आजूबाजूच्या ग्रंथीसकट गाठ काढावी लागते. नुसती उकरून काढली, तर फुटते, उरते, परत उगवते, आणि दुसऱ्या खेपेला शीर वाचत नाही. पुढे पुढे माणूसही वाचत नाही.

आता शहाण्या माणसानं गुपचूप रिपोर्ट लिहिला असता. मला शाबासकी हवी होती. माझे गुरू तात्यासाहेब निवृत्त होऊन खडकेश्वरला राहत होते. काचा त्यांना दाखवायच्या आणि ते "वा!" म्हणतील ते ऐकायला कुणीतरी पाहिजे, म्हणून मी दुसऱ्या दिवशी कारभारीलाही सोबत नेलं. माझ्या आयुष्यातल्या मूर्खपणांची स्पर्धा लावली तर हा पहिल्या तिनांत येईल.

तात्यासाहेबांनी तिन्ही काचा शांतपणे बघितल्या. चष्मा पुसला. पुन्हा बघितल्या. मग म्हणाले, "वैजनाथ, ही चांगली ग्रंथी आहे. सुई चुकली."

"सर, तीन वेळा टोचलंय."

"तीन वेळा चुकली."

मी मांडव, वऱ्हाडी, आचारी सगळं सांगून बघितलं. ते म्हणाले, "अरे, हा रोग मी उभ्या नोकरीत एक-दोनदा पाहिला असेल. सतरा वर्षांच्या पोराच्या कपाळी कॅन्सर लिहिण्याआधी एवढ्यावर माझा हात धजणार नाही. पुन्हा टोच." त्यांच्या जागी मी असतो तर तेच म्हणालो असतो, शिवाय उर्मटपणे.

कारभारीनं विचारलं, "म्हंजी चांगलं हाय का सायेब?"

"काचेवर तरी सगळं चांगलं आहे," तात्यासाहेब म्हणाले आणि त्याला चहा दिला. कारभारी त्यांच्या पाया पडला. मला त्यानं नुसता रामराम केला.

पुन्हा टोचू द्यायला तो तयार नव्हता. "सिल्लोडला एक डॉक्टर हाय," तो रिक्षात म्हणाला, "सोमवारी या म्हणलाय. जागेवर भूल देऊन गाठ काढतो, बटाटा काढावा तशी. सांजच्याला घरी." मी खूप बोललो. पण मी जितका बोलत होतो तितका त्याला मी माझी सुई वाचवताना दिसत होतो, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

व्यंकटरावला फोन केला. तो म्हणाला, "तात्यासाहेब चांगलं म्हणतात, तू वाईट म्हणतोस. मी कुणाचं धरू? आणि बापाची तयारी नसताना मी पोराला ओढून आणू का? उद्या शिरेला धक्का लागला आणि गाठ साधी निघाली, तर? तुझ्या नाकासाठी मी त्याचं तोंड वाकडं करू?" मग म्हणाला, "पण तुझं खरं असेल, तर सोमवारी ते पोरगं कामातून जाईल."

रविवारी मी सिल्लोडची एसटी पकडली. भानुमतीनं डबा दिला आणि विचारलं, "सुई घेतलीत ना?" सिल्लोडहून पुढे जीपनं गेलो. जीपमधे माझ्या मांडीवर कुणाचं तरी मक्याचं पोतं होतं आणि पोत्यावर त्याच्या मालकाचा कोपर होता.

कारभारीच्या अंगणात मका वाळत घातला होता. डॉक्टर स्वतः पोत्याखालून उतरून आलाय म्हटल्यावर आळी जमली. कारभारीनं बाज टाकली, पाणी दिलं, चहा दिला, आणि माझं ऐकायचं मात्र टाळलं. मी आळीसमोर सगळं परत सांगितलं. मधेच आवाज चढून मी म्हणालो, "हे बघा, माझी सुई चुकत नाही!"

आळी खो खो हसली. मला कळेना. मग एक म्हातारा म्हणाला, "कडूबा, दाव की सायबाला." कडूबा लाजला, मग उठला. त्यानं पोट जरा पुढं काढलं, अदृश्य चष्मा नाकावर चढवला, डावी भुवई अशी काही उचलली की ती टोपीत जाईल असं वाटलं, आणि म्हणाला, "माझी सुई चुकत नाही." बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी इतका फुगलेला दिसतो हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, मक्याच्या ढिगाशेजारी कळलं. सगळ्यांत शेवटी मीही हसलो, पण माझं मन त्या भुवईत अडकलं. शीर गेली तर ही भुवई उचलली जाणार नव्हती. डोळा मिटणार नव्हता. तोंडातला घास गालातून ओघळला असता. माझी टिंगल करणारा तो चेहरा शाबूत राहावा, असं मला त्या क्षणी जितकं वाटलं तितकं त्याआधी माझ्या सुईविषयीही वाटलं नव्हतं.

"सायेब," कारभारी हसू आवरून म्हणाला, "तुमी लांबून आलात, उपकार हायेत. पण मोठे डॉक्टर चांगलं म्हणलेत. आमी उद्या सिल्लोडला जातो."

इतका वेळ भागूबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "मोठे डॉक्टर काय म्हणले?"

"चांगलं हाय म्हणले. किती डाव सांगू?"

"आन् हे?"

"हे वाईट म्हणत्यात. पण ते ह्यांचे गुरू हायेत गं."

"बन्सीच्या टायमाला बी चांगलंच म्हणले व्हते," ती म्हणाली. बायकांनी तोंडावरचे पदर खाली घेतले. बन्सी तिचा गेलेल्यांतला एक, हे न सांगता मला कळलं. "ताप उतरलाय, पोरगं चांगलं हाय, घरी न्या म्हणले. मी गुळ वाटला आळीत. तुमी बी खाल्ला. सांजच्याला त्याला पदरात घेऊन बसले व्हते मी, आन् ते गार पडलं." तिनं नाक पुसलं. "चांगलं म्हणणाराचं काय जात नाय. हा माणूस ऐतवारी घरदार सोडून, पोत्याखाली बसून, इथवर वाईट सांगाया आलाय. नुसतं वाईट सांगाया कुणी येतं का इतक्या लांब?"

कारभारीनं चहाची कपबशी खाली ठेवली.

"ज्याला माझं पोरगं जगावं वाटतं, तोच त्याला वाईट म्हणतो," ती म्हणाली. "मी बी तेच करती."

मी निम्मा तरी माझ्या नाकासाठी आलो होतो, हे तिला कोण सांगणार? मला लाज वाटली. तिनं मला नको तितका चांगला माणूस समजून पोर माझ्या हवाली केलं होतं. आता तसं होण्यावाचून माझ्यापुढे मार्ग उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जीपमधून आम्ही सगळे सिल्लोड ओलांडून सरळ औरंगाबादला आलो. पुन्हा टोचून तेच वऱ्हाडी दिसले असते; आईबाप तयार म्हटल्यावर व्यंकटरावही कापायला तयार झाला.

ऑपरेशनच्या दिवशी मी व्यंकटरावच्या हॉस्पिटलात बाहेरच्या बाकावर भागूबाईशेजारी बसलो. दार बंद झालं. सुई खरोखर चुकली असेल तर? तर एका निरोगी पोराचा चेहरा माझ्या भुवईपायी कापला जात होता. आणि चुकली नसेल, तर या बाईच्या वाचलेल्या एकुलत्या पोराला कॅन्सर होता. आयुष्यभर मी बरोबर असावं म्हणून धडपडलो आणि त्या बाकावर मला नेमकं काय मागावं तेच कळेना. मी गणपतीला नुसतं "बघ बाबा" म्हणालो. शेजारी भागूबाई पुटपुटत होती, "लई वंगाळ पोरगं. कुणाच्या कामाचं नाय. काय करतू नेऊन?" ती कुणाशी बोलत होती ते मला कळलं, आणि मी अंग चोरून बसलो.

कडूबाला बाहेर आणलं तेव्हा अर्ध्या डोक्याला पट्टी होती. गुंगी उतरल्यावर व्यंकटराव वाकून म्हणाला, "कडूबा, दात दाखव." त्यानं दाखवले, डाव्या बाजूचा ओठ जरासा मागे राहिला, पण आला. "डोळे मिट. घट्ट." दोन्ही मिटले. "आता भुवया वर."

कडूबानं डोळे उघडून खोलीभर शोधलं. मी पायथ्याशी होतो. मग त्यानं फक्त डावी भुवई उचलली, पट्टीला लागेपर्यंत, आणि जड जिभेनं म्हणाला, "माझी... सुई... चुकत नाही."

व्यंकटराव हसत सुटला. मी भिंतीकडे तोंड केलं. माझी इतकी सुंदर टिंगल त्यानंतर कुणी केली नाही.

काढलेल्या गाठीचा पक्का रिपोर्ट मुंबईहून आला. ॲसिनिक सेल कार्सिनोमा. कडा स्वच्छ, गाठ अख्खी निघालेली. मी रिक्षानं थेट तात्यासाहेबांकडे गेलो, या वेळी एकटाच. त्यांनी वाचलं आणि माझी पाठ थोपटली. "माझं चुकलं रे. पण तू इतका ठाम कशावरून होतास?"

नळ्या नव्हत्या, चरबी नव्हती, हे उत्तर जिभेवर होतं. पण त्या माणसाशी खोटं बोलवेना. म्हणालो, "सर, टोचलं मी होतं म्हणून."

ते खोकला येईपर्यंत हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "आणि दुसऱ्या कुणी टोचलं असतं तर?"

सुई चुकली असं लिहून मी घरी जाऊन जेवलो असतो. तेव्हापासून दुसऱ्याच्या सुईची काच बघताना मी आधी मनाशी म्हणतो, ही मी टोचलीय. लॅबमधली पोरं याला माझा नम्रपणा समजतात. मी दुरुस्त करत नाही.

त्यानंतर दरवर्षी दिवाळी झाली की भागूबाई पोराला तपासायला घेऊन यायची. आधी व्यंकटरावकडे, मग माझ्याकडे. मी कडूबाच्या मानेवरून, कानाखालून बोटं फिरवायचो. पहिल्या वर्षी काही लागलं नाही तेव्हा मी आनंदानं "सगळं चांग..." इथपर्यंत आलो, आणि तिचा चेहरा बघून जीभ चावली. म्हणालो, "काय खरं नाही याचं. अगदी वंगाळ आहे." भागूबाईनं सुटकेचा श्वास टाकला. माझ्या रिपोर्टांतला तो सगळ्यांत खुशीचा रिपोर्ट. पुढे मी त्यात तरबेज झालो. त्याचं लग्न झालं, गणपतीत त्याच्या नकलांचे कार्यक्रम सिल्लोडपासून गंगापूरपर्यंत व्हायला लागले, त्याला मुलगी झाली, आणि मी दरवर्षी त्याला नव्या नव्या शब्दांत नावं ठेवत राहिलो.

एकच गोष्ट मला सलायची. व्यंकटरावला ती दरवर्षी म्हणायची, "तुमचा हात सोन्याचा हाय, डॉक्टरसाहेब." व्यंकटराव हे मला फोन करून सांगायचा. कारभारी मला देवमाणूस म्हणायला लागला की ती त्याला "गप!" म्हणायची. मला मात्र कधी एक चांगला शब्द नाही. मक्याची कणसं ठेवायची, पोर तपासून घ्यायची, जायची. मी भानुमतीकडे तक्रार करायचो. "कापणाऱ्याचं कौतुक, ओळखणाऱ्याचं काही नाही!" भानुमती म्हणायची, "तुम्ही करताय ना स्वतःचं, ते पुरेसं नाही का?"

मग मला हार्ट ॲटॅक आला. बायपास झाली, लॅब काही महिने बंद राहिली. परत उघडली तेव्हा मी निम्मा उरलो होतो; शर्टाची कॉलर मानेभोवती फिरायची. त्या दिवाळीनंतर भागूबाई आली. सोबत कडूबा. आता कारभारी नव्हता, तीही थकली होती. जिना चढून आली आणि मला बघून दारातच थांबली.

"हात थरथर करतोय व्हय?" ती म्हणाली.

"थोडासा," मी म्हणालो. "पण सुई अजून..." आणि भुवई उचलायला गेलो, तर तीही पूर्वीसारखी गेली नाही. कडूबानं मान खाली घातली. त्यानं त्या दिवशी माझी नक्कल केली नाही.

भागूबाई टेबलाला वळसा घालून माझ्या खुर्चीपाशी आली. इतक्या वर्षांत तिनं मला तुम्ही सोडून काही म्हटलं नव्हतं. तिनं दोन्ही हात माझ्या तोंडावरून फिरवले, स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली आणि खिडकीकडे वळून, बाहेर कुणीतरी उभं असावं तशी, मोठ्यानं म्हणाली, "कसला डॉक्टर रे तू! हात वंगाळ, सुई वंगाळ, तोंड तर बघवत नाय. असलं ध्यान कुणाला पाहिजे? कुणाच्या बी कामाचं नाय हे. हितंच पडू द्या ह्याला."

आणि तीनदा थू थू केलं.

मी घरी आलो. भानुमतीनं विचारलं, "भागूबाई आली होती म्हणे. मग, या वर्षी तरी काही म्हणाली का?"

"म्हणाली, माझा हात वंगाळ आहे," मी म्हणालो. "सुईसुद्धा." आणि चष्मा काढून पुसत बसलो. भानुमतीकडे अशा वेळी तयार उत्तर असतंच. या वेळी ती उठून जवळ आली, माझी सैल कॉलर नीट केली, आणि हळूच म्हणाली, "आहेच मुळी वंगाळ."